आधी गडी नीट वाटा

चार विरुद्ध चारचा सामना सुरू होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा निकाल लागून गेलेला असतो. गोळी सुटायच्या आधी, तलवार उपसायच्या आधी, ‘तू इकडे ये, तू तिकडे जा’ एवढं ठरायला जे अर्धं मिनिट लागतं, त्याच अर्ध्या मिनिटात. पुढची दहा मिनिटं हरणाऱ्यांनी मुकाट मार खायचा.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई आणि मग मोरवा. रविवारी रात्री जेवणं उरकली की इथल्या ओट्यांवर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर मुलं फोन आडवे धरून बसतात. कुणी बीजीएमआय खेळतो, कुणी फ्री फायर मॅक्स. एकाने कस्टम रूम काढायची, आयडी-पासवर्ड ग्रुपवर टाकायचा, आठ जण आत आले की चार-चार. बीजीएमआयमधल्या वेअरहाऊसच्या नकाशावर जो संघ आधी ४० किल करील तो जिंकला. मागे उभं राहून पाहा. पहिला डाव ४०-११. लगेच दुसरा, तेच चौघे इकडे, तेच चौघे तिकडे. ४०-९. तिसऱ्या डावाला हरणाऱ्यांतला एक जण ‘नेट गेलं’ म्हणतो आणि उठून घरी जातो. नेट गेलेलं नसतं.

त्याच्या पाठीमागे बाकीचे म्हणतात, रडका आहे. मला हे पटत नाही. डाव रडीचा होता, मुलगा नव्हे. ज्या डावात आपण काहीही केलं तरी हरणारच हे आधीच कळलेलं आहे, तो डाव सोडून जाणारा शहाणा आहे. जे चौघे सलग दोनदा ४० करून हसत बसले, त्यांना मात्र विचारायला हवं: यात तुम्ही खेळलात काय? समोर कुणी होतं का?

‘गेमच तर आहे’ हे उत्तर मला नको. आशियाई स्पर्धांत जकार्ताला २०१८ मध्ये ईस्पोर्ट्स, म्हणजे फोन-संगणकावरचे हे स्पर्धेचे खेळ, प्रात्यक्षिक म्हणून आले, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या खेळात कांस्य मिळवलं. हांगझोऊला २०२३ मध्ये याच खेळांना खरी पदकं लागली, सात प्रकारांत. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्स हा विषय युवक आणि क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटा २ या खेळाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, बक्षिसाची रक्कम तीन लाख डॉलर. भाईंदरहून गाडी पकडून महालक्ष्मीला उतरलं की पोचलात. एवढं सगळं दाराशी येऊन ठेपलंय, आणि आपल्या गल्लीतला सामना अजून ‘मी आणि माझे तिघं दोस्त विरुद्ध उरलेले’ असाच लागतो.

गंमत म्हणजे आपल्याकडे गडी वाटायची चोख रीत होती. काही शाळांच्या मैदानांवर अजूनही दिसते. दोन कप्तान समोरासमोर उभे. बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार शोधायचा. दोघांनी खांद्यावर हात टाकून लांब जायचं आणि कानात बोलून नावं घ्यायची, एक आंबा, एक फणस. मग परत येऊन विचारायचं, ‘कोणाला आंबा, कोणाला फणस?’ ज्या कप्तानाची पाळी तो म्हणायचा आंबा, आणि आंबा नाव घेतलेला गडी त्याच्याकडे जायचा. फणस दुसऱ्याकडे. पुढची जोडी सूर्य-चंद्र, त्यापुढची आणखी काही.

या रीतीत किती अक्कल आहे ते बघा. तोडीचा कोण हे मोठ्यांनी सांगायचं नाही, मुलांनीच ओळखायचं. आणि मुलं ते अचूक ओळखतात, कारण रोज एकमेकांशी खेळतात. कप्तानाला दोस्त निवडता येत नाही, कारण आंब्यामागे कोण आहे हे त्याला ठाऊक नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शेवटी उरलेला, कुणालाच नको असलेला गडी त्यात नसतो. दोन कप्तान एकेक नाव पुकारतात तेव्हा सगळ्यांत शेवटी उभं राहणाऱ्या पोराचं काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला या रीतीची किंमत वेगळी सांगायला नको. तो पोरगा सामन्याच्या आधीच हरलेला असतो, सगळ्यांच्या देखत.

फोनवर ही रीत नेमकी गेली. का गेली? आमंत्रणाची यादी आली म्हणून. स्क्रीनवर मित्रांची नावं ओळीने दिसतात, बोट टेकवलं की तो आपल्या स्क्वाडमध्ये. चांगले खेळणारे एकमेकांना आधी बोलावतात, उरलेले आपोआप एकत्र येतात. कुणी वाईट हेतूने करत नाही. पण कुणी थांबून विचारही करत नाही.

आता थोडा हिशेब मांडू, कारण यात हिशेब आहे. आठ जणांचे चार-चार असे दोन संघ ३५ प्रकारे पाडता येतात. दहा जणांचे पाच-पाच केले तर १२६ प्रकारे. मोरव्यातले आठ जण या ३५ मधला एकच प्रकार रात्रभर खेळतात, आणि तो बहुधा सगळ्यांत वाईट असतो.

आठ जणांना ताकदीप्रमाणे एक ते आठ क्रमांक द्या, एक म्हणजे सगळ्यांत तगडा. पहिला आणि दुसरा कप्तान. आळीपाळीने एकेक निवडला तर एका बाजूला १, ३, ५, ७ येतात, दुसरीकडे २, ४, ६, ८. बेरीज करा: १६ आणि २०. दिसायला पाळी सारखी, पण प्रत्येक फेरीत पहिला कप्तान एका पायरीने वर. आता तेच जरा बदला. दुसऱ्या कप्तानाने आधी मागायचं, मग पहिल्याने लागोपाठ दोन, मग दुसऱ्याने दोन, उरलेला पहिल्याकडे. एका बाजूला १, ४, ५, ८. दुसरीकडे २, ३, ६, ७. बेरीज १८ आणि १८. कागद-पेन्सिलचंही काम नाही. एवढीशी गोष्ट करायला कुणाचं काय जातं?

मात्र ज्या खेळांत प्रत्येक पात्राचं काम ठरलेलं असतं, त्या रोल-प्लेइंग खेळांत एवढ्याने भागत नाही. तिथे टँक असतो, तो पुढे राहून मार अंगावर घेतो. हीलर असतो, तो मागे राहून सगळ्यांना जिवंत ठेवतो. बाकीचे समोरच्याला झोडपतात. क्रमांकांची बेरीज अगदी १८-१८ आली, पण दोन्ही हीलर एकाच बाजूला पडले, तर दुसरी बाजू पहिल्या दोन मिनिटांत आडवी होते. तिथे खेळाडू कितीही चांगले असोत, जखम भरायला माणूसच नाही. म्हणून आधी काम वाटायचं, मग ताकद. हीलरने हीलरशी जोडी लावायची, टँकने टँकशी, आणि मग आंबा-फणस. आपली जुनी रीत इथे जशीच्या तशी बसते, फक्त तोडीचा म्हणजे त्याच कामातला तोडीचा एवढं ध्यानात ठेवायचं.

मोरव्यात असे रोल-प्लेइंग खेळ खेळणारे थोडे, गोळीबाराचे खेळ खेळणारे जास्त. पण कामं तिथेही असतातच. एक जण आधी घुसतो, एक लांबून स्नायपर धरतो, एक पडलेल्याला उठवतो. दोन्ही घुसणारे एका बाजूला द्या आणि दोन्ही स्नायपरवाले दुसऱ्या. काय होतं ते बघा.

तोडीचा कोण हे ठरवायला मुलं खेळात मिळालेल्या श्रेणीच्या बिल्ल्याकडे बोट दाखवतात. मी क्राऊन, तो एस, अमका कॉन्करर. हा बिल्ला फसवा आहे. कुणी पूर्ण सीझन रोज पाच तास बसून चढलेला असतो, कुणी चांगल्या चौकडीच्या पाठीवर बसून. कुणी आयडी विकत घेतलेली असते. आणि कुणी मुद्दाम नवी आयडी काढून खालच्या लोकांत जाऊन त्यांना बडवतो. त्याला स्मर्फ म्हणतात. हा रोग एवढा पसरला की डोटा २ वाल्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ९० हजार खाती एका फटक्यात बंद केली. ९० हजार खाती, ज्यांच्या मालकांना बरोबरीच्या माणसाशी खेळायचंच नव्हतं.

ताकद मोजायची खरी पद्धत बुद्धिबळाने दिली. हंगेरीत जन्मलेले अर्पाद एलो अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची गुणपद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये घेतली, जागतिक महासंघाने १९७० मध्ये. तिच्यात बिल्ल्याला किंमत नाही, कुणाशी खेळून जिंकलात याला आहे. दोघांत २०० गुणांचा फरक असला तर वरच्याला सरासरी शंभरातले ७६ गुण मिळणार. ४०० चा फरक असला तर ९१. म्हणजे ४०० च्या फरकाने लावलेला सामना हा सामनाच नव्हे. आजच्या बऱ्याच ऑनलाइन खेळांच्या पोटात एलोंची हीच कल्पना कुठल्या ना कुठल्या रूपात बसलेली आहे.

पण संघाला ती सरळ लावता येत नाही, आणि इथे भलेभले चुकतात. एका बाजूला २००० चा एक आणि १००० चे तीन. दुसऱ्या बाजूला १२५० चे चौघे. सरासरी दोन्हीकडे १२५०. सामना सारखा आहे का? गोळीबाराच्या खेळात तो एकटा २००० वाला अख्खा नकाशा झाडून काढील. हीलर-टँकच्या खेळात उलटंही होऊ शकतं, त्याला चौघे घेरतील आणि त्याचे तिघे बघत राहतील. सरासरी काढून मोकळं होणारा आयोजक मला आळशी वाटतो.

इथे गावाची मोठी सोय आहे. कंपनीच्या यंत्राला फक्त आकडे दिसतात. गावाला माणूस दिसतो. जत्रेतल्या कुस्त्यांत जोड लावणारे पंच आठवा. दोन पोरं लांग बांधून समोर येतात, पंच त्यांना शेजारी उभं करतो, खांदे बघतो, वय विचारतो, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या जत्रेत कोणाशी लढला. जोड तोलामोलाची वाटली नाही तर भोवतीचे लोकच ओरडतात आणि पंचाला जोड मोडावी लागते. त्या माणसाला एलो माहीत नसतील, पण काम तो तेच करतो. कबड्डीवाल्यांनी वरिष्ठ पुरुषांना ८५ किलोची मर्यादा घातली तीही याच विचाराने. अंगठ्याने खेळायच्या खेळात वजनकाटा चालत नाही, म्हणून जोड लावणारा डोळस माणूस जास्तच हवा.

आता हत्याराकडे येऊ. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाने जानेवारी २००७ मध्ये अरेना आणला: दोन विरुद्ध दोन, तीन विरुद्ध तीन, पाच विरुद्ध पाच. कल्पना उत्तम. पण जिंकणाऱ्याला गुण मिळत, त्या गुणांवर भारी चिलखत-तलवारी मिळत, आणि त्या घालून तो पुन्हा उतरत असे. जो पुढे गेला तो आणखी पुढे. नव्याने आलेल्याला समोरच्याचं कौशल्य लागतच नसे, त्याची तलवारच लागायची. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स २ ने याला सरळ उत्तर दिलं. संघांच्या सामन्याच्या दारातून आत शिरलात की सगळे ८० व्या पातळीवर, सगळ्यांना त्याच दर्जाचं सामान. बाहेर तुम्ही वर्षभर राबून काय कमावलंत ते बाहेर ठेवा. आत फक्त हात आणि डोकं चालणार. मला विचाराल तर या प्रकारात कुठल्याही कंपनीने घेतलेला हा सगळ्यांत प्रामाणिक निर्णय आहे.

मोरव्यात तलवार म्हणजे फोन. एकाकडे सेकंदाला ९० फ्रेम देणारा नवा फोन, दुसऱ्याकडे मोठ्या भावाचा जुना, ज्याच्यावर सेटिंग ‘अल्ट्रा’ला, म्हणजे ४० फ्रेमला अडकतं. ४० फ्रेमवाल्याच्या पडद्यावर समोरचा माणूस कोपऱ्यातून धक्के खात बाहेर येतो. ९० वाल्याला तो सरळ चालत येताना दिसतो. जुन्या स्वस्त फोनात जायरो नसतो, म्हणजे फोन तिरका करून नेम धरायची सोयच नाही; सगळं अंगठ्यानेच. एक जण घरच्या वायफायवर, दुसरा डेटा संपत आलेल्या सिमवर. पिंग, म्हणजे नेटचा विलंब, एकाचा ३०, दुसऱ्याचा २००. दुसरा गोळी झाडतो आणि कळतं की तो आधीच मेलेला आहे. मग त्याला सांगायचं, ‘तुला येत नाही.’

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. सामन्यापुरतं सगळ्यांनी सगळ्यांत जुन्या फोनला झेपेल तेवढंच फ्रेमचं सेटिंग लावायचं. जायरो एकाकडे नसेल तर सगळ्यांनी बंद ठेवायचा, किंवा जायरोवाले दोन्हीकडे सारखे वाटायचे. आठही जण एकाच वायफायवर, आणि ते दमत असेल तर सगळेच डेटावर. ज्याच्याकडे भारी फोन आहे त्याला हे टोचेल. टोचू दे. त्याचा फोन त्याच्या बापाने घेतलाय, नेम त्याचा त्याने शिकायचाय.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: खऱ्या लढाईत कुठे असते बरोबरी? बरोबर आहे, नसते. लिनेज २ या कोरियन खेळात बार्ट्झ नावाच्या सर्व्हरवर २००४ मध्ये जे घडलं ते वाचण्यासारखं आहे. डीके नावाच्या बलाढ्य गटाने किल्ले बळकावले, कर वाढवला, शिकारीच्या चांगल्या जागा अडवल्या. मग ज्यांच्या अंगावर धड चिलखत नव्हतं असे हजारो खालच्या पातळीचे खेळाडू नुसत्या आतल्या कपड्यांवर चालून गेले. त्यांना कोरियात ‘बनियनवाल्यांची फौज’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. एकेक जण एका फटक्यात मरत होता, पण मागून दहा येत होते. त्या युद्धावर पुढे कलादालनात प्रदर्शन भरलं.

मला या गोष्टीचं प्रेम आहे. पण ती बंडाची गोष्ट आहे, सामन्याची नव्हे. बंडात माणसं मोजत नाहीत, सामन्यात आधी तीच मोजतात. जुलमी गटाशी लढताना चिलखत नसलं तरी धावून जावं लागतं. रविवारी रात्री आपल्याच आळीतल्या पोरावर तशी वेळ कुणी आणू नये.

आता सगळ्यांत दुखऱ्या जागेवर बोट. रूम काढणारा स्वतः खेळतो. हे चालणार नाही. रूम ज्याच्या हातात, त्याच्या हातात कोण कुठल्या बाजूला, कोणाला बाहेर काढायचं, कधी सुरू करायचं, सगळं असतं. आपल्या संघातला एक जण पाणी प्यायला गेला तर तो थांबतो. समोरचा गेला तर ‘स्टार्ट’ दाबतो. मुद्दाम करतो असं नाही, पण करतो. रूम काढणाऱ्याने प्रेक्षकाच्या जागी बसावं, नुसतं बघावं आणि निकाल लिहावा. एका रात्री एक, दुसऱ्या रात्री दुसरा. क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचाच माणूस अंपायर उभा राहिला की काय होतं हे या गावांना नव्याने सांगायला नको, डोकी फुटायची वेळ येते.

पंच नुसता निःपक्ष असून भागत नाही, जागाही हवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया हा आपला संघ काउंटर-स्ट्राइक खेळत होता. पंचांना एका खेळाडूचा संशय आला. ते त्याच्या संगणकाशी गेले. ‘वर्ड डॉट ईएक्सई’ अशा साळसूद नावाची फाईल निघाली, आत नेम आपोआप धरून देणारा प्रोग्राम. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, आणि संघ जागच्या जागी बरखास्त झाला. बाकीच्या चौघांनी काहीही केलं नव्हतं. त्यांचाही संघ हातचा गेला. सांघिक खेळात चोरी करणारा आधी आपल्याच चौघांना बुडवतो, हे ज्या मुलांना ‘एक छोटीशी फाईल टाक, कुणाला कळत नाही’ असं सांगितलं जातं त्यांनी नीट ऐकावं. आणि गल्लीत ओट्यावर शेजारी-शेजारी बसून खेळण्याचा एक फायदा असा की पंचाला उठून कुणाचाही फोन हातात घेता येतो. तो हक्क आधीच सांगून ठेवावा.

पैशाचं एकदाच आणि स्पष्ट सांगतो. वीस-वीस रुपये गोळा करून जिंकणाऱ्या चौघांनी वाटून घेणं बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. ईस्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली, पण अट अशी की प्रवेश शुल्क फक्त भाग घेण्यासाठी आणि आयोजनाच्या खर्चासाठी असावं, बक्षीस कामगिरीवर असावं, पैज किंवा डाव लावणं नसावं. मान्यता आणि नोंदणीचीही बाब त्यात आहे. ओट्यावरच्या वीस रुपयांच्या मागे पोलीस येणार नाहीत, हे मलाही समजतं. पण कायद्याने जी रेघ ओढली ती अगदी योग्य जागी ओढली. कारण पैज लागली की पहिला बळी जातो तो गडी वाटण्याचा. १६०-० ची वसुली ज्यांची पक्की आहे, ते चार तगडे एकमेकांपासून वेगळे व्हायला कशाला तयार होतील? बरोबरीचा सामना हा त्यांना तोटाच वाटणार. बक्षीस द्यायचंच असेल तर गावच्या मंडळाने एखादा डेटा पॅक द्यावा, आणि तो सगळ्यांत चांगल्या हीलरला, पडलेल्यांना उठवणाऱ्याला द्यावा. सगळ्यांत जास्त किल करणाऱ्याची वाहवा करायला लोक आहेतच.

मुली खेळतात. माइक बंद ठेवून, मुलाचं नाव घेऊन खेळतात, कारण आवाज ऐकू आला की समोरून काय काय येतं ते त्यांना माहीत आहे. ज्या सामन्यात अर्ध्या खेळाडूंना आपल्याच चौघांशी बोलता येत नाही, तो सामना बरोबरीचा कसा? ‘उजवीकडून येतोय’ एवढं वेळेवर सांगता आलं नाही तर नेम कितीही चांगला असून काय उपयोग. शिवी दिली की तो डाव समोरच्या संघाला, एवढा एकच नियम ठेवा. दोन रविवारांत माइक सुरू होतील.

आणि धाकटी भावंडं. त्यांना पूर्वी कच्चं लिंबू म्हणून खेळायला घेत. आउट झालं तरी आउट नाही. फोनवर तशी सोय नाही, तिथे दहा वर्षांचं पोरही पूर्ण गडी धरतात आणि त्याच्यामुळे हरलो म्हणून त्याच्यावर खेकसतात. विषम संख्या झाली तर त्याला जास्तीचा गडी म्हणून कमकुवत बाजूला द्या, दर डावाला बाजू बदला, आणि त्याचे किल-मरण धरू नका. हातात वही असलेल्या पंचाला हे सहज जमतं.

हे सगळं करायला नवी संस्था नको. या पट्ट्यातली आगरी-कोळी गावं ‘एक गाव एक संघ’ची क्रिकेट स्पर्धा भरवतात. तिथे बाहेरचा तगडा गडी आपल्या नावावर खेळवला तर आधारकार्ड मागतात, चेंडू तपासतात, सामन्याआधी कप्तानांना बोलावून नियम वाचून दाखवतात. हीच मंडळी, हाच कडकपणा, एका रविवारी फोनच्या सामन्याला द्यावा. मंडळाच्या खोलीत एक टीव्ही लावून सामना सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. आईबाप आत येऊन बघतील. आपलं पोर रात्रभर नेमकं काय करतं हे त्यांना एकदा तरी दिसेल, आणि ते चौघांना सांभाळून खेळतं हेही दिसेल.

एवढं करूनही डाव एकतर्फी जाईल, कारण अंदाज चुकतात. त्याला साधा नियम आहे. लागोपाठ दोन डाव वीसपेक्षा जास्त फरकाने गेले की तिसऱ्याआधी गडी बदलायचे. हरलेल्या बाजूने समोरचा कुठलाही एक मागायचा, त्याच्या बदल्यात हरलेल्यांतला कोण घ्यायचा हे जिंकलेल्यांनी ठरवायचं. नाही म्हणायची मुभा कोणालाच नाही. तिसरा डाव ४०-३६ असा सुटला की चौथा मागायला आठही जण बसलेले असतील, आणि त्या रात्री कुणाचं नेट जाणार नाही.